लँगली की वेस्ट ड्रेटन? शुक्रवारपर्यंत होल्डिंग डिपॉझिट द्यायचंय

प्रेषक: केतकी

नमस्कार मंडळी,
मागच्या धाग्यात हेज बाद झालं, ते कृपया परत काढू नका. लंडनच्या पश्चिमेला दोन टू-बेड (दोन बेडरूमचे) फ्लॅट उरलेत. एक लँगली स्टेशनपासून सहा मिनिटांवर, दुसरा वेस्ट ड्रेटनला नऊ मिनिटांवर. लँगलीचं भाडं महिन्याला दीडशे पाउंडांनी कमी. ऑफिस फॅरिंग्डनला, आठवड्यातून तीन दिवस. माझ्याकडे २६-३० रेलकार्ड (त्या वयाच्यांना रेल्वे तिकिटात सवलत देणारं), मुलगी सात वर्षांची, गाडी जुनी डिझेल. एजंट म्हणतो, दोन्हीकडे एलिझाबेथ लाइनचीच रेल्वे, काही फरक नाही. खरंच नसेल तर लँगली घेऊन टाकते.

---

प्रेषक: मंदार

केतकी, गाडी तीच, पण तिकिटाचे नियम तेच नाहीत. ऑयस्टर (लंडनचं टच करायचं प्रवासकार्ड) वेस्ट ड्रेटनला संपतं, तो भाड्याचा झोन ६. पुढे आयव्हर, लँगली, स्लाउ ते थेट रेडिंगपर्यंत बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड नाहीतर तिकीट. रेलकार्ड ऑयस्टरवर चढवून घेता येतं, ट्यूब स्टेशनवरचा माणूस मशीनवर दोन मिनिटांत करून देतो. कॉन्टॅक्टलेस कार्डावर ते चढतच नाही. म्हणजे लँगलीला टच केलंस की पूर्ण भाडं.

मुलीचंही तेच. पाच ते दहा वयाच्या मुलांना मोठ्यांबरोबर एलिझाबेथ लाइन फुकट आहे ती वेस्ट ड्रेटनपर्यंत. पलीकडे चाइल्ड तिकीट काढावं लागतं. आणि फॅरिंग्डनला सवयीने ऑयस्टर टच करून लँगलीला उतरलीस तर तिथे टच आउट होणार नाही. पेनल्टी फेअर १०० पाउंड, २१ दिवसांत भरलं तर निम्मं.

माझं मत वेस्ट ड्रेटन.

---

प्रेषक: सुहासकाका

> लँगलीला टच केलंस की पूर्ण भाडं.

मंदार, ऑफिसच्या वेळेला वेस्ट ड्रेटनलाही पूर्णच भाडं आहे रे. ऑयस्टरवरची रेलकार्डची सवलत फक्त ऑफ-पीकला. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात हा पीक. केतकी आठच्या गाडीने जाऊन सहाच्या गाडीने येणार असेल तर तिच्या रेलकार्डाचा उपयोग शनिवार-रविवारी. आणि तेव्हा लँगलीहूनही सवलत मिळते, टच न करता रेलकार्ड लावून तिकीट काढायचं, एवढंच. रोजच्या हिशेबातून रेलकार्ड वजा करा.

आता सीझन पासचं, कारण कुणीतरी सुचवणारच. वार्षिक सीझनची किंमत म्हणजे आठवड्याच्या सीझनच्या ४० पट, महिन्याची ३.८४ पट. झोन १ ते ६ चा आठवड्याचा ट्रॅव्हलकार्ड साधारण पाच दिवसांच्या डेली कॅपएवढा (एका दिवसात जास्तीत जास्त कापले जाणारे पैसे) पडतो. म्हणजे वार्षिक पास घेणं हे २०० दिवसांची कॅप एकदम भरण्यासारखं. सुट्ट्या वजा जाता वर्षाचे ४६ आठवडे धरा. तीन दिवसांप्रमाणे १३८, चार दिवसांप्रमाणे १८४. दोन्ही २०० च्या खाली. पाच दिवस जाणाऱ्यालाच वार्षिक पास परवडतो. केतकीने सीझन घेऊ नये, दोन्हीपैकी कुठेही राहिली तरी.

लँगलीहून कधी कागदी तिकीट काढलंस तर "लंडन टर्मिनल्स" असं लिहिलेलं नको. ते पॅडिंग्टनलाच संपतं. फॅरिंग्डनला त्यावर बाहेर पडता येणार नाही, गाडी न बदलता गेलीस तरी.

---

प्रेषक: नितीन

केतकीताई, पिनर पाहिलंत का? मेट्रोपॉलिटन लाइन थेट फॅरिंग्डनला जाते. सकाळच्या पीकमधल्या सेमी-फास्ट गाड्या हॅरो-ऑन-द-हिलनंतर एकदम फिंचली रोड. झोन ५, ऑयस्टर चालतं, रेलकार्डही चालतं. आणि आपल्या मराठी मंडळाचे निम्मे कार्यक्रम इकडेच असतात.

---

प्रेषक: अश्विनी

> आणि आपल्या मराठी मंडळाचे निम्मे कार्यक्रम इकडेच असतात.

ते का असतात यावर वार्षिक सभेत बोलूच. स्लाउकडे शंभर सव्वाशे डोकी असताना हॉल मात्र कायम हॅरोत.

केतकी, लँगलीच्या बाजूने कुणी बोलत नाहीये म्हणून सांगते. एक, तुझी जुनी डिझेल. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार) लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे महापालिकांमध्ये, लागू आहे. वेस्ट ड्रेटन हिलिंग्डनमध्ये, म्हणजे आत. डिझेल गाडी यूरो ६ या धुराच्या मानकाची नसेल तर रस्त्यावर काढली त्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पाउंड. लँगली बाहेर आहे. महिन्यात सहा वेळा गाडी काढलीस तरी ७५ पाउंड, आणि ते दीडशेच्या फरकाखेरीज. दोन, स्लाउच्या चार ग्रामर (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी) शाळा. परीक्षा इयर सिक्सच्या (दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा वर्ग) सुरुवातीला, सप्टेंबरात. तुझ्या मुलीला वेळ आहे, पण काही शाळा जवळ राहणाऱ्यांना आधी घेतात, तेव्हा पत्ता आत्तापासून मोजावा.

---

प्रेषक: सुहासकाका

यूलेझचा मुद्दा बरोबर. केतकी, गाडीचा नंबर टीएफएलच्या (लंडनची वाहतूक संस्था) साइटवर टाकून बघ, लगेच कळतं. सप्टेंबर २०१५ नंतर नोंदलेली डिझेल बहुतेक यूरो ६ असते. बसत असेल तर अश्विनीचा हा मुद्दा गळतो. गाडी नुसती उभी असेल तर काही लागत नाही, आणि एम२५ वर यूलेझ नाही.

पण अश्विनी, काउन्सिल टॅक्सबद्दल (घरपट्टी) गप्प का? लँगली ज्या काउन्सिलमध्ये येतं त्या स्लाउने २०२१ मध्ये सेक्शन ११४ (खर्च भागत नसल्याची नोटीस) काढलं आणि २०२३-२४ ला टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढवला. घराचा बँड (टॅक्सचा गट) इंग्लंडभर एप्रिल १९९१ च्या किमतीवरच ठरतो, पण त्या बँडचा दर प्रत्येक काउन्सिलचा वेगळा. दोन्ही पत्त्यांचे बँड सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून बघायचे, मग दोन्ही काउन्सिलांचे चालू वर्षाचे दर शेजारी ठेवायचे. एजंटच्या जाहिरातीतला बँड धरू नये, तो बऱ्याचदा चुकीचा असतो.

---

प्रेषक: दीपाली

तिकिटावर भरपूर झालं, कुणी बिल्डिंगबद्दल बोलेल का?

स्टेशनजवळचे नवे ब्लॉक म्हणजे बहुधा हीट नेटवर्क. फ्लॅटमध्ये बॉयलर नाही, तळघरातून गरम पाणी येतं आणि ते विकणारा एकच. सप्लायर बदलता येत नाही. स्टँडिंग चार्ज हीटिंग बंद असतानाही चालू राहतो. व्ह्यूइंगला कपाट उघडून बघायचं. भिंतीवर पांढऱ्या पेटीत प्लेट आणि मीटर दिसला, गॅसचा पाइप दिसला नाही, तर हीट नेटवर्क. युनिटचा दर आणि स्टँडिंग चार्ज लेखी मागायचे.

दुसरं पार्किंग. स्टेशनाजवळच्या बऱ्याच नव्या ब्लॉकना प्लॅनिंगच्या वेळीच अट असते की रहिवाशांना रस्त्याचं परमिट मिळणार नाही. फ्लॅटबरोबर खाली जागा नसेल तर गाडी कुठे लावणार? एजंट "परमिट पार्किंग अव्हेलेबल" म्हणतात, ते रस्त्याबद्दल असतं, तुमच्याबद्दल नव्हे. काउन्सिलला पूर्ण पत्ता, फ्लॅट नंबरसकट, लिहून विचारावं.

तिसरं आवाज. हीथ्रोच्या धावपट्ट्यांची पाळी दुपारी तीनला बदलते, म्हणून एकदा तीनच्या आधी आणि एकदा नंतर जाऊन उभं राहायचं. वारा पूर्वेकडून असला की पाळीचं गणितच बदलतं. आणि बेडरूम रुळांकडे आहे का ते बघ. रात्री मेंडिपच्या खाणींतून ॲक्टनकडे जाणाऱ्या दगडाच्या मालगाड्या याच मार्गाने जातात, आणि त्या लांब असतात.

---

प्रेषक: अश्विनी

दगडाच्या गाड्या वेस्ट ड्रेटनवरूनही जातात. शिवाय तिथून कोलनब्रुकचा मालगाडीचा फाटा निघतो, विमानाच्या इंधनाच्या गाड्या त्यावरून. तेही लिहा.

---

प्रेषक: मंदार

रेलकार्डाचं काकांनी काढलं, ठीक. पण गाडी बंद पडल्यावर काय, हे कुणी धरलेलं नाही. ७ डिसेंबर २०२३ ला लॅडब्रोक ग्रोव्हपाशी वायर तुटली आणि लोक तासन्‌तास गाडीत अडकले. त्या गाड्यांत टॉयलेट नाही, हेही लक्षात असू द्या. त्यात ओल्ड ओक कॉमनला एचएस२ या नव्या वेगवान रेल्वेच्या स्टेशनाचं काम चालू आहे, त्यापायी सुट्टीच्या दिवसांत लाइन बंद ठेवतात.

वेस्ट ड्रेटनहून २२२ नंबरची बस अक्सब्रिजला जाते. तिथून मेट्रोपॉलिटन, थेट फॅरिंग्डन. वेळ जास्त लागतो पण ऑफिस गाठता येतं. लँगलीहून असं काही सरळ नाही. विंडसरच्या रिव्हरसाइड स्टेशनवर जाऊन वॉटर्लूची गाडी पकडायची, पण तिथवर पोचवणार कोण?

---

प्रेषक: नितीन

> तिथून मेट्रोपॉलिटन, थेट फॅरिंग्डन.

मग मुळात मेट्रोपॉलिटनवरच का राहू नये, हेच मी म्हणत होतो.

---

प्रेषक: सुहासकाका

नितीन, पिनरच्या टू-बेडचं भाडं आधी लिस्टवर टाक, मग बोलू.

केतकी, डिपॉझिटचं. होल्डिंग डिपॉझिट (घर राखून ठेवायची रक्कम) जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं, २०१९ च्या कायद्याने. त्याहून जास्त मागितलं तर देऊ नकोस. भरल्यापासून १५ दिवसांत करार व्हायचा, वेगळी तारीख लेखी ठरली नसेल तर. मालकाने माघार घेतली तर पैसे परत, तू घेतलीस तर गेले. म्हणून दीपालीचे प्रश्न आधी, पैसे नंतर. मुख्य डिपॉझिट पाच आठवड्यांपर्यंत आणि ते ३० दिवसांत प्रोटेक्शन स्कीममध्ये जायला हवं.

---

प्रेषक: केतकी

सगळ्यांना धन्यवाद. गाडीचा नंबर टाकला, यूलेझच्या नियमात बसत नाही, म्हणजे पैसे लागणार. लँगलीच्या फ्लॅटला खाली एक पार्किंग आहे, करारात लिहून देणार. कपाटात पांढरी पेटी आहे, गॅसचा पाइप नाही. एजंटला दर मागितलेत. गुरुवार संध्याकाळपर्यंत लेखी आले तर लँगली, नाही आले तर वेस्ट ड्रेटन घेऊन गाडी विकते.

---

प्रेषक: दीपाली

स्टँडिंग चार्ज रोजचा लिहिलाय की महिन्याचा ते नीट बघ. आणि आधीच्या भाडेकरूचं मीटरवर काही देणं उरलंय का, तेही त्याच मेलमध्ये विचार.