ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत भूकंपाचा विचार कोणी करतं का?

रबाळे_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. टीटीसी एमआयडीसीत (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत) एका केमिकल कंपनीत 14 वर्षं मेंटेनन्सला आहे. परवा ऑडिटचा फॉर्म भरताना 'भूकंप' असा रकाना आला. साहेबांनी वर न बघता 'लागू नाही' लिहून टाकलं. म्हटलं, साहेब, ठाणे-नवी मुंबई भूकंपाच्या झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात येतं. तर म्हणाले, "आपली बिल्डिंग आरसीसी आहे, काय होतंय!"

बिल्डिंगचं मला टेन्शन नाहीच. ट्रान्सफॉर्मर रुळांवर चाकांवर उभा आहे आणि चाकाला दगडाची उटी लावलीय. क्लोरीन वायूचे दोन टनर, म्हणजे मोठी लोखंडी सिलिंडरं, नुसते जमिनीवर आडवे. फायर पंपाचा पाइप टाकीला ताठ जोडलेला. सुरुवात कुठून करू? मोठा खर्च सांगितला तर चहा पाजून परत पाठवतील.

नौपाड्याचे_काका
11 डिसेंबर 1967. मी सातवीत होतो, कराडला. पहाटे सव्वाचारच्या सुमारास फडताळातली भांडी अंगावर आली, आईने आम्हाला ओढत अंगणात काढलं. कोयनेचं वीजकेंद्र बंद पडलं आणि इकडे मुंबईतले कारखाने थांबले, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. हादरा कोयनानगरला, अंधार दोनशे किलोमीटरवर. तेव्हा 'आपल्याकडे कुठे होतो' हे वाक्य तुमच्या साहेबांकडेच राहू द्या.

आयुष्य सबस्टेशनात गेलं, म्हणून ट्रान्सफॉर्मरचंच सांगतो. 2001 च्या भूजच्या भूकंपात न बांधलेले ट्रान्सफॉर्मर रुळांवरून खाली उतरले, पोर्सिलीनची बुशिंग, म्हणजे तारा जोडायचे वरचे खांब, तुटली. उटी म्हणजे देवावर हवाला. चारही चाकांना स्टॉपर बसवा, रुळाला क्लॅम्प करा आणि रूळ प्लिंथला (खालच्या काँक्रीटच्या ओट्याला) नीट धरलाय ना ते तपासा. काम फॅब्रिकेटर करेल, पण डिझाइन जाणकार इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि बुशिंगला ताठ बसबार (वीज नेणारी धातूची पट्टी) जोडला असेल तर मध्ये फ्लेक्सिबल जोड टाका. दोघं वेगवेगळे हलतात, ताण काचेसारख्या वस्तूवर येतो.

दुसरं, बॅटरी रूम. हे कोणाच्याच लक्षात येत नाही! स्टँडवरचे सेल घसरून पडले की डीसी, म्हणजे ब्रेकर चालवणारा बॅटरीचा पुरवठा, गेला. डीसी गेला की फॉल्ट असूनही ब्रेकर ट्रिप होत नाही. समोर लोखंडी पट्टी आणि स्टँडला खाली चार बोल्ट, एवढंच.

पावण्याचा_ठेकेदार
काका, पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी येतं, आधी त्याचं बघू ना. पालघरात 2018 पासून बारीकसारीक हादरे चालूच आहेत, काय कोसळलं मोठंसं?

खारघर_पाइपिंग
ठेकेदारदादा, बारीक हादरे आले म्हणून मोठा येणार नाही असं नसतं. किल्लारीलाही 1993 च्या आधी बारके धक्के बसतच होते.

बाकी काकांशी सहमत, फक्त क्रम बदलेन. मी पाणी आधी धरेन. 17 ऑगस्ट 1999 ला तुर्कीत इझमितजवळच्या रिफायनरीत एक उंच चिमणी प्लांटवर कोसळली, नाफ्थाच्या टाक्या पेटल्या आणि नेमकी आग विझवायच्या पाण्याची लाइनच तुटलेली होती. आग कित्येक दिवस चालली, शेवटी विमानातून पाणी टाकावं लागलं. टीटीसीला पाणी लांबून, बारवी धरणावरून येतं, शहराला मोरब्याहून. ती लाइन वाचेल या भरवशावर फायर फायटिंग ठेवू नका. आवारातली टाकी भरलेली ठेवा आणि टाकीच्या तोंडाशी रबर बेलो (वाकणारा लवचिक जोड) टाका. टाकी आणि पंप एका तालात हलत नाहीत, मग ताठ पाइप फ्लँजला, म्हणजे बोल्टच्या जोडाशी, मोडतो.

टनरना दोन्ही बाजूंनी सॅडल (खालचा खोबणीचा आधार) आणि वरून साखळी. 900 किलो क्लोरीनने भरलेला टनर घरंगळला आणि व्हॉल्व्ह आपटला तर पळायला जागा नाही.

आणखी एक. खाडीच्या भरावावर असाल तर जमिनीचा रिपोर्ट काढा. 2001 ला कांडला बंदरात वाळू-गाळाची जमीन पातळ होऊन इमारत कलली. तसं असेल तर जमिनीखालच्या केबल आणि पाइपांचं वेगळं प्रकरण आहे, नुसत्या बोल्टने भागणार नाही.

रबाळे_मेंटेनन्स
आभार, काका आणि ताई. आज जेवणानंतर बॅटरी रूममध्ये गेलो. स्टँड हाताने ढकलला तर हलला, खाली एकही बोल्ट नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि काही न बोलता साहेबांना दाखवला. तीन वेळा बघितला त्यांनी. मग म्हणाले, "हे कधीपासून असं आहे?" कोटेशन मागवलंय. टनरच्या सॅडलचं माप उद्या घेतो.

नौपाड्याचे_काका
माप घेताना दोन्ही टनर भरलेले की रिकामे ते आधी बघ, बाळा. आणि एकटा जाऊ नकोस.