पाळणाघर चालवायला पियाजे कशाला?

गंगापूर_रोडकर (धागा)
आमच्या नाशकात गंगापूर रोडला, तिकडे इंदिरानगरला, पाळणाघराच्या माहितीपत्रकांत हल्ली पियाजे (मुलांची समज वयानुसार टप्प्याटप्प्यानं वाढते म्हणणारा मानसशास्त्रज्ञ) नि माँटेसरी (बालशिक्षणाची पद्धत घडवणारी बाई) हमखास असतात. पाळणाघराच्या कारभारात मात्र ते शोधून सापडत नाहीत. माझं म्हणणं असं की बालविकासाचे सिद्धांत खेळणी घेण्यापेक्षा मावश्यांच्या ड्युट्या लावायला वापरा. तान्ह्या बाळाला मोजक्या, ठरलेल्या माणसांचा आधार लागतो, हे बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञानं मांडलं. साधारण आठव्या-नवव्या महिन्यात बाळ अनोळखी चेहऱ्याला बिचकायला लागतं. नेमकी तेव्हाच मावशी बदलली की ते आकांत करणार, आणि वर आईला ऐकवणार, "तुमचं बाळ फार हट्टी हो!" एका मावशीकडे तीनच तान्ही आणि वर्षभर तीच मावशी, एवढं झालं तरी मी समाधानी.

सातपूरची_ताई
मी पाळणाघर चालवते, म्हणून सांगते. पगार झाला की दुसऱ्या दिवशी मावशी म्हणते, "ताई, कंपनीत जास्त मिळतात, येते." कशी थांबवू? तीन बाळांमागे एक मावशी ठेवली तर फी किती होईल, हिशोब करा. अंबडला कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या आईला सकाळी साडेसहाला दार उघडं लागतं, तिला बोल्बी नको असतो. शिवाय आपली मुलं आजी, काकू, आत्या अशा दहा हातांत वाढतातच की.

गंगापूर_रोडकर
दहा हातांबद्दल तक्रार नाही, ते तेच दहा हवेत. आत्या दर दोन महिन्यांनी बदलत नाही.

निवृत्त_बालवाडीवाली
मावशीवरच अडकलात दोघं. जेवणाचं बघा. दीड ते तीन वर्षांचं मूल सारखं "मी, मी" करतं. एरिक्सन हा मानसशास्त्रज्ञ यालाच स्वायत्ततेचा, म्हणजे स्वतःचं स्वतः करायचा, टप्पा म्हणतो. मावशीनं भरवलं तर दहा मिनिटांत ताट रिकामं. स्वतः खाऊ दिलं तर पाऊण तास, फरशीवर वरण आणि संध्याकाळी पालकांची कुरकुर, "फ्रॉक किती मळवला!" म्हणून सगळीकडे भरवतात. सिद्धांत खरंच मानत असाल तर जेवणाला तासभर ठेवा आणि पालकांना प्रवेशाच्या दिवशीच सांगा की कपडे मळणार.
आणि पियाजेचे टप्पे वाचून वयावार खोल्या पाडू नका. माँटेसरी तीन ते सहाची मुलं एकत्र ठेवते. व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या मते जरा जास्त येणाऱ्याच्या मदतीनं मूल पुढची पायरी गाठतं, मग पाच वर्षांचा दादा फुकट मिळतोय तो का घालवायचा? पैशाचं म्हणाल, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं ते शंख-शिंपले, बिया, दगड घेऊन.

अंबडकर
फी आईच्याच माथी का? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. कंपन्यांना सामायिक सोयही चालते.

सातपूरची_ताई
माझ्याकडच्या बहुतेक आया छोट्या वर्कशॉपात आहेत हो, तिथे 50 माणसं कुठली! कायद्याचं मला सांगू नका.
जेवणाचं मात्र पटलं. सोमवारपासून मोठ्या मुलांच्या खोलीत बघते करून. तीनाला एक जमणार नाही, हे आत्ताच सांगते.