समाजशास्त्रात पॅराडाइम (विषयाकडं बघायची मूळ चौकट) खरंच बदलतो का, की नुसती फॅशन बदलते?

पेठेतला_पोरगा

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, पीएचडीच्या रजिस्ट्रेशनच्या तयारीत आहे. विषय नदीकाठच्या गावांतल्या सहकारी पाणीपुरवठा संस्था, म्हणजे नदीतनं पाणी उपसून सभासदांच्या शेताला पाळीनं देतात त्या. प्रपोजल दाखवलं तर एक सर म्हणाले हे नुसतं वर्णन झालं, थिअरी कुठाय, आणि सामायिक मालकीचं काही टिकत नसतं हे हार्डिन नावाच्या अभ्यासकानं १९६८ सालीच सांगून ठेवलंय. मी म्हटलं सर, त्याच्या उलट दाखवल्याबद्दलच तर एलिनॉर ऑस्ट्रॉमना २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ना, तर म्हणे ते जरा ऑफबीट आहे. नोबेल मिळूनपण ऑफबीट?? तेव्हापासनं डोक्यात किडा वळवळतोय. फिजिक्समध्ये एखादी थिअरी पडली की पडली, आपल्याकडं मात्र जुनी आणि नवी दोघी एकाच पेपरात १०-१० मार्कांना येतात. मग आपल्या विषयात नवीन कल्पना जिंकली हे ओळखायचं कशावरनं? आणि कोण खरंच वेगळं बोलतोय आणि कोण नुसता हवेत गोळ्या मारतोय हे कसं कळणार?

निवृत्त_मास्तर

बाळा, गंमत अशी की पॅराडाइमची कल्पना सुचलीच मुळी आपल्या लोकांच्या भांडणातनं. ती मांडणारा थॉमस कून, शिकलेला फिजिक्स. १९५८-५९ चं एक वर्ष तो स्टॅनफर्डला समाजशास्त्रवाल्यांच्या घोळक्यात होता आणि तिथं त्याला दिसलं की ह्यांच्यात मूळ प्रश्न कोणते आणि पद्धत कुठली ह्यावरच एकमत नाही, आपल्या फिजिक्सवाल्यांत असं का होत नाही, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता १९६२ चं ते गाजलेलं पुस्तक झालं. त्यामुळं एका फटक्यात जुनं मोडीत निघेल ही अपेक्षाच सोड.

आता हार्डिनचं. तो जीवशास्त्राचा माणूस. त्याचं गायरान कल्पनेतलं, प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड. त्यावर उपाय काय, तर सरकारनं ताबा घ्या नाहीतर खाजगी करून टाका. ऑस्ट्रॉमबाई मुळात राज्यशास्त्राच्या, गणित कमी म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला त्यांना घेतलं नव्हतं. १९६५ चा प्रबंध लॉस एंजेलिसकडच्या भूजलावर, तिथं विहिरी उपसून उपसून समुद्राचं खारं पाणी आत यायला लागलेलं आणि लोकांनी आपसांत बसून मार्ग काढला. मग त्यांनी जगभरची उदाहरणं गोळा केली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम बघ, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढी गुरं जगवता येतील तेवढीच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायची. असा नियम असेल तर हार्डिनचा गुराखी करणार काय? आणि हार्डिननंच १९९४ ला आवरतं घेतलं, की माझं म्हणणं ज्याला काही व्यवस्थाच नाही अशा कुरणाबद्दल होतं. हे तुझ्या सरांना सांग, पण जरा हळू आवाजात, सही त्यांचीच लागणार आहे.

बरगेवाला

भावा मी शिकलेला बारावी पण आमच्यात संस्था हाय आणि मी कमिटीवर होतो म्हणून बोलतोय. तुझे सर टिकत नाही म्हणतात, आमची माझ्या आज्ज्याच्या वेळंपासनं चालू हाय. पावसाळा सरला की केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याला बरगे, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे, जॅकवेलवरनं, म्हंजे नदीकाठच्या उपशाच्या विहिरीवरनं, पाणी वर चढवायचं आणि पाळीनं सोडायचं. भांडणं होत्यात की, का होणार नाहीत, पण पाळी मोडली तर पाटकरी, म्हंजे पाणी सोडणारा माणूस, गप बसत नाही कारण त्यो गावातलाच, त्याला रोज चार माणसांत बसायचं असतंय. साहेबाचा माणूस असता तर कवाच मॅनेज झाला असता.

पण एक सांगतो, लई गोडगोड लिहू नको. पाणी कुणाला, तर जमीन असलेल्याला. जमीन नाही त्याला शेअर नाही, शेअर नाही त्याला सभेत बोलायला जागा नाही, आणि दुष्काळी वर्षात पण ऊस कुणाचा आधी भिजतो ते लिहिशील का? पुरंदरकडं विलासराव साळुंखेंनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत काढली त्यात हिशेब जमिनीवर नव्हता, घरातल्या माणसांवर होता, भूमिहीनाला पण वाटा आणि ऊस बंद. हे आमच्यात बोलून बघ, मीटिंगमधनं हाकलतील 😄 खरं ऑफबीट ते हाय.

कागलकर

वरच्या दादांनी मुद्द्याला हात घातला. कल्पना कुणी मांडली ह्यावर ती ऑफबीट की मेनस्ट्रीम ठरतं, हे जातीच्या अभ्यासात सगळ्यात उघडं दिसतं. १९०१ च्या जनगणनेचे कमिशनर रिस्ले, त्यांचं म्हणणं जात म्हणजे वंश, आणि त्यासाठी चक्क लोकांची नाकं मोजलेली. १९१६ ला कोलंबियात पंचविशीतल्या आंबेडकरांनी पेपर वाचला, त्यात सरळ सांगितलं की युरोपातले अभ्यासक स्वतःच रंगाच्या पूर्वग्रहात वाढलेले म्हणून त्यांना सगळीकडं रंग दिसतो, जातीचं मूळ आहे जातीतल्या जातीत लग्नात, आणि विधवेवरची बंधनं, बालविवाह हे सगळं त्या कुंपणासाठी. वर ती पसरली कशी, तर वरच्याचं खालच्यानं अनुकरण करून, त्यासाठी फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ तार्द ह्यांचा आधार घेतलेला. पुढं १९५२ ला समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांचं संस्कृतीकरण आलं, त्यातपण अनुकरणच, आणि सिलॅबसमध्ये युनिट कुणाच्या नावाचं? मी एमए केलं तेव्हा आंबेडकर राज्यशास्त्रवाल्यांकडं ढकललेले. आंबेडकरांच्या त्या पेपरनंतर चारच वर्षांनी, १९२० ला, आपल्या इथं माणगाव परिषदेत शाहू महाराज त्यांना समाजाचा पुढारी म्हणून पुढं आणतात, म्हणजे राजाला कळलं ते विभागाला कळायला किती वेळ लागावा.

शंकासुर

सगळं मान्य, पण प्रत्येक ऑफबीटवाला ऑस्ट्रॉम नसतो हो. २०११ ला डॅरिल बेम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मोठ्या जर्नलात पेपर छापला की माणसाला भविष्यातलं आधी जाणवतं. आणि गोची ही की त्यानं नेहमीच्याच पद्धती वापरलेल्या. मग लोक म्हणाले ह्या पद्धतीनं जर हेही सिद्ध होत असेल तर आपलं बाकीचं काय? २०१५ ला मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून बघितले, साधारण एक तृतीयांशच पुन्हा जमले. प्रयोगाआधीच आराखडा जाहीर नोंदवायची पद्धत मग जोरात रुजली. म्हणजे कल्पना फुसकी निघाली तरी पद्धत हलली, ह्याला काय म्हणायचं ते मास्तर सांगतील.

पोरा, तुला माझा सल्ला. आपली संस्था कुठं मोडेल हे आधी लिहून ठेव आणि मग गावात जा. रॉबर्ट वेड नावाच्या अभ्यासकानं आंध्रच्या कालव्यांवर बघितलं तर जिथं पाण्याची ओढाताण, म्हणजे कालव्याच्या टेलच्या (शेवटच्या टोकाच्या) गावात, तिथंच लोकांनी मिळून पाणी वाटायची माणसं नेमलेली, वरच्या गावांना गरजच नव्हती. हे आपल्याकडं खरं ठरतं का बघ. नाही ठरलं तर अजून चांगलं.

पेठेतला_पोरगा

सगळ्यांना धन्यवाद, प्रपोजल अर्धं इथंच झालं. @बरगेवाला दादा, तुमच्याकडं शेवटच्या चेंबरवाल्यांना, म्हणजे पाइपलाइनच्या टोकाकडच्या शेतकऱ्यांना, पाळी लागते का वेळेवर? आणि ज्यांना शेअर नाही अशा दोन-चार घरांत मला घेऊन जाल का? रविवारी गाडी घेऊन येतो, नंबर मेसेज करा.

बरगेवाला

ये की. पण कमिटीतल्यांना सांगून येऊ नको, मग सगळेच चांगलं बोलतील.