एम्बामिंगला मराठीत काय म्हणायचं?

माझा मावसभाऊ मस्कतला कामाला होता. तिकडेच वारला. पेटी विमानाने हैदराबादला उतरली, तिथून ॲम्ब्युलन्सने सोलापूरला आली. कागदांत एम्बामिंगचा, म्हणजे प्रेत कुजू नये म्हणून केलेल्या प्रक्रियेचा, दाखला होता. तो असल्याशिवाय विमान कंपन्या सहसा पार्थिव घेत नाहीत. आजीने विचारलं, "म्हंजे काय केल्यात रं त्याला?" मला मराठीत सांगता येईना. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही.

छापील मजकुरात 'शवलेपन', 'शवसंलेपन' भेटतात. मला ते पटत नाहीत. लेप वरून लावतात. इंग्रजी शब्दात 'बाम' आहे, आपण कपाळाला चोळतो तोच. जुन्या काळी सुगंधी राळ प्रेताला लावत, तिथून तो आला. आज मात्र मांडीतली किंवा मानेतली धमनी उघडून फॉर्मेलिन मिसळलेलं द्रावण पंपाने शरीरभर सोडतात. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, साधारण ३७ टक्के. त्याने ऊतींमधली प्रथिनं घट्ट बांधली जातात आणि कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. यात लेप कुठेच नाही.

'ममी करणे' तर नकोच. इजिप्तमध्ये आतडी काढून, नॅट्रॉन नावाच्या क्षारात देह सुकवत. इथे सुकवणं नसतं.

बोलण्यात 'मसाला भरला' ऐकू येतं. पण भरणं म्हटलं की पेंढा भरलेला वाघ आठवतो. आपल्या माणसाबद्दल तो शब्द जिभेवर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शवागारातली शीतपेटी किंवा घरी लावलेल्या बर्फाच्या लाद्या, हेही एम्बामिंग नव्हे. थंडीने कुजणं फक्त लांबतं.

आपल्याकडे कल्पना मात्र जुनी आहे. वाल्मीकी रामायणात भरत आजोळहून येईपर्यंत दशरथाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवला होता. तिथे शब्द 'तैलद्रोणी', म्हणजे भांड्याचं नाव. क्रियेला वेगळं नाव दिलेलं नाही, नुसतं 'ठेवला'.

म्हणून माझं मत असं: कागदावर 'देहजतन' लिहावं, आणि घरात 'औषध सोडून टिकवलंय' म्हणावं. आजीला शेवटी मी तसंच सांगितलं, आणि तिला ते लगेच कळलं. देहदान झाल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनेच्या अभ्यासासाठी देह असाच टिकवतात, त्यामुळे 'देहदान'च्या शेजारी 'देहजतन' परकाही वाटणार नाही.