शेणखत विस्कटायचं यंत्र: बीटर आडवे की उभे? आणि चेन का तुटते?

बांधावरून:
४५ एचपीचा ट्रॅक्टर, खत अर्धवट कुजलेलं, त्यात उसाचं पाचट आणि कडब्याची बुडखं. एकरी ४ टन टाकायचं आहे. सध्या ट्रॉलीतून ढीग पाडून फावड्याने विस्कटतात. ढिगाच्या जागी पीक माजतं, मधल्या जागी पिवळं पडतं. ३ टनी यंत्रं बघतोय. एकाला मागे आडवे बीटर (खत फोडून फेकणारे दातेरी फिरते दांडे) आहेत, दुसऱ्याला उभे, तिसऱ्याला खाली फिरत्या तबकड्या. या रचना कशातून आल्या आणि माझ्या खताला कोणती चालेल? पेटीतलं खत मागे सरकवणारी तळाची चेन फार तुटते असंही कानावर आहे.

जुनं_अवजार:
प्रत्येक रचना आधीच्या रचनेचं दुखणं काढायला आली, म्हणून क्रमाने बघा. कॅनडातल्या क्वेबेकच्या जोसेफ केम्पची खतगाडी १८७० च्या दशकातली. सरकता तळ खत मागे ढकलायचा, मागचा दातेरी बीटर ते फोडायचा आणि दोघांनाही जोर गाडीच्या चाकातून मिळायचा. पण खत गाडीच्या रुंदीएवढ्याच पट्ट्यात पडायचं. म्हणजे फेऱ्या जास्त आणि घोड्यांची दमछाक.

१८९९ मध्ये ओहायोतल्या मारिया स्टाइन गावच्या जोसेफ ओपनहाइम या शाळामास्तराने बीटरच्या मागे तिरक्या पात्यांचा आणखी एक फिरता दांडा बसवला. पाती तिरकी असल्याने खत दोन्ही अंगांना उडून गाडीपेक्षा रुंद पसरायचं. तिरक्या फळीवर आपटलेला चेंडू बाजूला जातो, हे पोरांच्या खेळात पाहून त्याला ही युक्ती सुचली असं सांगतात. यंत्राला आणि कंपनीला नाव पडलं ‘न्यू आयडिया’. आजचे उभे बीटर काय, तबकड्या काय, रुंद फेकायची ओढ तीच.

चाकावर चालणाऱ्या गाडीचा एक गुण आज बहुतेक यंत्रांत हरवलाय. घोडे हळू चालोत की जोरात, तळ आणि बीटर त्याच प्रमाणात फिरायचे, त्यामुळे एकरी माप बदलत नसे. दोष असा की ओल्या रानात चाक घसरलं की खत पडायचं थांबलं. १९१८ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीने ट्रॅक्टरला पीटीओ (इंजिनाचा जोर मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा) दिला, १९२७ मध्ये अमेरिकेत त्याचं प्रमाणित माप ठरलं. मग यंत्र जागेवर उभं असतानाही बीटर पूर्ण फेऱ्यांवर आणता येऊ लागला आणि पेट्या मोठ्या झाल्या. त्याची किंमत ही, की गिअर बदलला की एकरी माप बदलतं. ते आता चालवणाऱ्यालाच सांभाळावं लागतं.

चेन_स्प्रोकेट:
तुमच्या खताला आडवे दोन बीटर, एकावर एक. ते ढेकळं चांगली फोडतात, थोडं पाचट सोसतात. फेक साधारण पेटीएवढी किंवा थोडी जास्त, पण बांधाकडेच्या लहान तुकड्यात तेच सोयीचं. उभे बीटर रुंद फेकतात, म्हणून मोठ्या सलग रानात फेऱ्या वाचतात, मात्र त्यांना ताकद जास्त लागते. तबकड्या कोरड्या, भुरभुरीत मालासाठी: कोंबडीखत, चाळलेलं कंपोस्ट. अर्धकच्चं शेण तबकडीवर चिकटतं आणि गोळे पडतात. अगदी पातळ शेणासाठी चौथा प्रकार आहे, आडव्या पिंपात साखळ्या फिरवून एका बाजूने फेकणारा. त्याला तळाची चेनच नसते.

चेन तुटते ती बहुतेक वेळा या कारणांनी. दोन बाजूंच्या चेनचा ताण सारखा नसला की त्यांना जोडलेल्या, खत ओढणाऱ्या आडव्या पट्ट्या तिरक्या होतात, चेन एका बाजूने स्प्रोकेटवरून (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावरून) उडी मारते आणि कडी उघडते. नवी चेन पहिल्या काही खेपांत ताणतेच, तेव्हा दर खेपेनंतर दोन्हीकडचे बोल्ट सारख्या आट्यांनी आवळा आणि पट्टी पेटीला काटकोनात आहे का बघा. दुसरं कारण, रात्रभर भरून ठेवलेली पेटी. खत दबून बसतं आणि सकाळी सगळा लोड एकदम चेनवर येतो. तिसरं म्हणजे बीटरच्या आधी तळ चालू करणं. आधी बीटर पूर्ण फेऱ्यांवर आणा, मग तळ. थांबवताना उलटं.

शिअर बोल्ट (जास्त जोर आला की मुद्दाम आधी तुटणारा मऊ बोल्ट) तुटला तर तसलाच घाला. कडक पोलादाचा घातला तर पुढच्या दगडाला बोल्ट वाचतो आणि गिअर बॉक्सचे दाते जातात. पेटी पुढून मागे भरत या, बीटरला टेकवून ढीग लावू नका.

बांधावरून:
माहिती पटली. पाचट आणि सुतळी बीटरला गुंडाळली तर काय? आणि ४ टन बरोबर पडलं हे कळायचं कसं?

गुंठा_मोजणी:
सुतळी काढताना ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात. पीटीओ नुसता सोडवणं पुरेसं नाही. सुतळी बेअरिंगच्या सीलमध्ये शिरली की ग्रीस बाहेर येतं, म्हणून बीटरच्या दोन्ही टोकांना रोज हात फिरवून बघा. चालू यंत्रामागे कोणी उभं राहायचं नाही, खडा गोळीसारखा येतो.

मापासाठी १ मीटर बाय १ मीटरचे पाच प्लास्टिक कागद फेरीच्या आडवे एकेक मीटर अंतराने पसरा, कोपऱ्यांवर माती ठेवा आणि यंत्र वरून न्या. मग प्रत्येक कागदावरच्या खताचं वजन करा. सरासरी १ किलो आलं तर गुंठ्याला १०० किलो, म्हणजे एकरी ४ टन. मधल्या कागदाच्या निम्मं वजन डावी-उजवीकडे जिथे भरतं, त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे दोन फेऱ्यांतलं अंतर. ते धरलं नाही तर रानात हिरवे-पिवळे पट्टे दिसतात.

तळाचा वेग असा काढा. ३ टन माल, ३ मीटरची फेरी, तर पेटी १,००० मीटरवर रिकामी व्हायला हवी. ताशी ५ किलोमीटरला हे १२ मिनिटांचं काम. पेटी ३ मीटर लांब असेल तर तळ मिनिटाला २५ सेंटीमीटर सरकायला हवा. पट्टीवर खडूची खूण करून घड्याळ लावा. यंत्र घेण्याआधी तळ इतका हळू चालवता येतो का, हे विचाराच. बऱ्याच यंत्रांत सगळ्यात कमी वेगही यापेक्षा जास्त असतो.

विस्कटलेलं खत त्याच दिवशी कुळवाने मातीआड करा, उन्हात पडलं तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. आणि संध्याकाळी पेटी धुऊन चेनला तेल द्या, शेणातले क्षार लोखंड झपाट्याने खातात.