क्लब रूममध्ये गेम हवा की नको? (सोसायटी ग्रुपवर रंगलेली चर्चा)

बी-२०४, सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मुलांनी कमिटीकडे अर्ज दिलाय. क्लब रूममधल्या टीव्हीला गेमचा कन्सोल जोडून रविवारी दुपारी दोन तास खेळू द्यावं, अशी मागणी आहे. कन्सोल सी-५०३ मधून मिळतोय, सोसायटीला खर्च नाही. कुणाची हरकत असेल तर मीटिंगच्या आधी इथेच कळवा.

ए-१०३, काका:
माझी हरकत आहे. मुलं घरी दिवसभर मोबाईलला चिकटलेली असतातच. निदान क्लब रूममध्ये तरी कॅरम, बुद्धिबळ राहू द्या. हे गेम म्हणजे दिसेल त्याला गोळी घालायची आणि पॉइंट मोजायचे. यातून मुलं शिकणार काय?

डी-७०१:
काकांशी पूर्ण सहमत 🙏

बी-४०२:
काका, आमच्या पिढीचं लहानपण मारिओ आणि काँट्रावर गेलं. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची आणि परत घालायची. सुट्टीत अख्खी चाळ एका टीव्हीसमोर असायची.

ए-१०३, काका:
तेव्हा आई हाक मारून उठवायची. आता कोण उठवतं?

सी-५०३, ताई:
काका, कन्सोल माझाच आहे, तेव्हा उत्तर मीच देते. जरा लांबलचक आहे, सवडीने वाचा.

जिंकायचं, पुढची लेव्हल गाठायची, संपला की दुसरा गेम आणायचा, असंच मीही कितीतरी वर्षं खेळत आले. मग ‘धिस वॉर ऑफ माइन’ हातात आला आणि ते सगळं बदललं. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या ११ बिट स्टुडिओजने तो २०१४ मध्ये काढला. गेम युद्धाचाच आहे, पण त्यात तुम्ही सैनिक नाही. वेढा पडलेल्या शहरात एका पडक्या घरात अडकलेली तीन साधी माणसं तुमच्या हवाली असतात. एक फुटबॉल खेळायचा, एक आचारी, एक पत्रकार. शहर काल्पनिक आहे, पण बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बोस्नियातलं साराएवो होतं. १९९२ ते १९९६ अशी जवळजवळ चार वर्षं त्या शहराला वेढा होता, आणि पाणी आणायला बाहेर पडलेल्या माणसांवरही डोंगरातून नेम धरले जायचे.

गेममध्ये दिवसा घराबाहेर पडता येत नाही, बंदूकधारी टपलेले असतात. भिंतीची भोकं बुजवायची, शेगडी करायची, पाणी गाळायचं. रात्री एकाने बाहेर जाऊन मिळेल ते आणायचं. एका रात्री घरात औषध नाही, एकजण तापाने फणफणलेला. मी पोचले ते एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी. घर नीटनेटकं, फ्रीजमध्ये जेवण, कपाटात औषधं. आजोबा हातात काही घेऊन अंगावर येत नाहीत. मागे मागे फिरत विनवण्या करत राहतात.

मी औषध घेतलं. गेमने अडवलं नाही, पॉइंटही कापले नाहीत. घरी आल्यावर आजारी माणूस बरा होऊ लागला, पण ज्याच्या हातून ते घडलं तो मनाने कोसळला. काम सांगावं तर तो भिंतीला टेकून बसलेला. घरातले बाकीचेही गप्प.

सिनेमात मी हे पाहिलं असतं तर त्या माणसाला नावं ठेवून झोपी गेले असते. इथे बटण माझ्या बोटाखाली होतं. काका, दुसऱ्या कुठल्याही कलेला हे जमत नाही असं मी अगदी मनापासून म्हणते. पुस्तक वाचताना पात्र चुकतं आणि आपण पाहतो. गेममध्ये जे केलं ते आपण केलेलं असतं. तेव्हापासून कुठलाही गेम सुरू केला की मी आधी एकच पाहते, हा माझ्याकडून काय करून घेणार आहे?

सी-५०३, ताई:
हो, आणि हा गेम मुलांसाठी नाही. १८ वर्षांवरच्यांचा आहे. क्लब रूममध्ये तो लागणार नाही, हे आधीच सांगते. पोलंडमध्ये २०२० साली पंतप्रधानांनी तो शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घेत असल्याचं जाहीर केलं, तेही मोठ्या विद्यार्थ्यांसाठीच. युद्ध सोसलेल्या देशाला आपल्या पोरांनी हा गेम खेळावा असं वाटलं, याचं मला फार मोल वाटतं.

ई-३०२, काकू:
वाचून अंगावर काटा आला गं.

बी-६०१:
पांढरी ॲक्टिव्हा गेटसमोर कुणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

सी-३०१:
काका, ताईंच्या बोलण्याला माझा दुजोरा. माझ्यासाठी तो गेम ‘पेपर्स, प्लीज’. २०१३ सालचा. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळपास एकट्याने बनवला. परदेशी प्रवासात इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून राहून त्याला तो सुचला होता. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही कागदपत्रं तपासणारे कारकून. पासपोर्टवरचं नाव, परवान्यावरचं नाव, तारीख, फोटो, शिक्का, सगळं जुळवायचं. जितकी माणसं तपासाल तितका पगार. त्यात घरभाडं, जेवण, शेगडीचं इंधन आणि आजारी पडलेल्यांचं औषध भागवायचं. नियम रोज बदलतात.

सुरुवातीलाच एक नवरा येतो, त्याचे कागद चोख. जाता जाता म्हणतो, मागून माझी बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. ती येते, तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. परत पाठवलं तर तिचा जीव जाईल असं ती सांगते. सोडलं तर आपल्या नावावर चूक लागते, आणि चुका वाढल्या की पगार कापला जातो. मी होस्टेलवर खेळत होतो. शिक्का हातात धरून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो.

ए-१०३, काका:
हे खरंच गेममध्ये आहे?

सी-३०१:
हो काका. दोन शिक्के आहेत, हिरवा मंजुरीचा आणि लाल नामंजुरीचा. खेळायचं ते एवढंच.

ए-१०३, काका:
मी ट्रेझरीत पेन्शनच्या टेबलावर होतो, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यांची रांग जिन्यापर्यंत. नवरा गेलेली बाई फॅमिली पेन्शनसाठी यायची. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, जन्मतारखेत दोन वर्षांचा फरक. बाई खरी आहे हे समोर दिसत असायचं. पण कागद जुळत नाही, आणि उद्या ऑडिटला उत्तर आपल्याला द्यायचं. ‘पुन्हा या’ म्हणताना घशात काय अडकतं ते त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही. लोक शिव्या आम्हाला घालून जायचे.

त्या खुर्चीत बसलेल्या माणसावर कुणी गेम करेल असं कधी वाटलं नव्हतं.

सी-५०३, ताई:
काका ❤️ माझं म्हणणं नेमकं हेच होतं. तुमची खुर्ची या २१ वर्षांच्या मुलाला त्या गेममुळे कळली.

डी-७०१:
हे सगळं छान आहे, पण आमच्या घरातलं वास्तव वेगळं आहे. माझा मुलगा नववीत. रात्री दोनपर्यंत मोबाईलवर गेम. बंदुकीचा रंग बदलायला पैसे मागतो, एक दिवस खेळला नाही तर बक्षीस जातं म्हणून प्रवासातही कासावीस होतो. तुमचे पोलंडचे गेम आमच्या घरी पोचतच नाहीत.

सी-५०३, ताई:
वहिनी, तुमचा राग अगदी रास्त आहे आणि मी तुमच्याच बाजूने आहे. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकलात तर साखळी तुटली, पेटी उघडा आणि नशीब आजमावा, ही सगळी रचना मूल उठूच नये म्हणून केलेली असते. असले गेम फुकट मिळतात आणि ते कधीच संपत नाहीत. मी ज्यांच्याबद्दल बोलतेय ते एकदा विकत घ्यायचे, त्यांना सुरुवात आणि शेवट असतो. पालकांनी एवढं एक विचारलं तरी पुष्कळ, की हा गेम संपतो का?

ए-५०४, डॉक्टर:
वहिनींसाठी थोडी माहिती. ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत आहे. पण नुसते तास मोजून निदान होत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि अभ्यास, झोप, नाती यांच्यावर ठळक परिणाम होणं, हे साधारण १२ महिने दिसावं लागतं. मुलाची झोप बिघडली असेल तर आधी रात्री फोन खोलीबाहेर ठेवायला सुरुवात करा. मला प्रत्यक्ष भेटलात तरी चालेल, ग्रुपवर त्याच्याबद्दल जास्त लिहू नका.

डी-७०१:
धन्यवाद डॉक्टर. उद्या संध्याकाळी येते.

बी-१०१:
पण २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन गेम बंद केले ना सरकारने?

सी-३०१:
ते पैसे लावून खेळायचे, रमी वगैरे. बाकीच्या गेमवर बंदी नाही.

ई-३०२, काकू:
मी कधी यात बोलत नाही, पण आज लिहिते. मुलगा दिवाळीत टोरांटोहून आला होता तेव्हा त्याने मला एक गेम दाखवला, ‘वेन्बा’. तिथल्याच एका छोट्या कंपनीने २०२३ मध्ये केलाय. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेल्या तमिळ जोडप्याची गोष्ट आहे. वेन्बा ही आई. तिच्याकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलेली, शाई पुसलेली. इडली, पुट्टू, बिर्याणी, एकेक पदार्थ वहीतलं अर्धं वाचून आणि अर्धं आठवून करायचा. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हे मी त्याला न बघता सांगितलं, तर तो म्हणाला, आई, इथे मी अडकलो होतो.

पुढे तिचा मुलगा शाळेत जायला लागतो. मित्रांसमोर डब्याची लाज वाटते, नाव इंग्रजी वळणाने सांगतो, आई तमिळमध्ये बोलली की हा उत्तर इंग्रजीत देतो. मोठा झाल्यावर तीच वही त्याच्या हातात येते आणि तमिळ धड वाचता येत नाही.

आम्ही दोघं तो संपेपर्यंत उठलो नाही. दोनेक तासांचाच आहे. नंतर त्याने मला पुरणपोळी विचारून विचारून लिहून घेतली, कणीक किती सैल हवी तेसुद्धा. फोनवर इतकी वर्षं ‘जेवलास का’ यापुढे आमचं बोलणं जात नव्हतं.

ए-१०३, काका:
वहिनी, तुम्ही गेम खेळलात!

ई-३०२, काकू:
मग! कांदा मीच परतला.

बी-४०२:
ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या गेमचा पुरस्कार मिळालाय ‘वेन्बा’ला, २०२४ मध्ये. पुण्याचाही एक नावाजलेला गेम आहे, ‘राजी’. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीचा, २०२० चा. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे उलगडतात. वाडे, हवेल्या, झरोके बघताना हात थांबतो. लहानपणापासून आम्ही इटालियन प्लंबर आणि अमेरिकन कमांडो होऊन खेळलो, आपल्याकडची पोरगी नायिका म्हणून पहिल्यांदा दिसली तेव्हा फार अभिमान वाटला.

बी-२०४, सेक्रेटरी:
मंडळी, चर्चा सुंदर चाललीय, पण मला निर्णय लिहायचाय 🙏 ताई, मुलांना नक्की काय खेळवणार?

सी-५०३, ताई:
आधी ‘जर्नी’. २०१२ चा. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जायचं, शत्रूंची फौज नाही, गुण नाहीत. वाटेत जगातला कुणी अनोळखी खेळाडू भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढून हाक देता येते.

काका, तुमच्या ‘मुलं शिकणार काय’ला माझं उत्तर या गेमच्या जन्मकथेत आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत खेळाडू एकमेकांना धक्का देऊ शकत होते. बनवणाऱ्यांना वाटलं, लोक अडचणीत हात देतील. लोकांनी एकमेकांना खड्ड्यात ढकललं. गेमचा दिग्दर्शक जेनोव्हा चेन आणि त्याच्या टीमने उपदेशाच्या पाट्या लावल्या नाहीत, धक्का लागणंच काढून टाकलं. आणि जवळ आलं की दोघांच्याही उपरण्यात उडण्याचं बळ भरेल असं केलं. तेच खेळाडू एकमेकांसाठी थांबू लागले, वाट दाखवू लागले. माणसं तशीच होती, नियम बदलले. मुलांना मी हे सांगणार आहे आणि मग विचारणार आहे, आपल्या सोसायटीच्या क्रिकेटमध्ये लहानांना बॅटिंग मिळत नाही, तर कुठला नियम बदलाल?

त्यानंतर ‘ओव्हरकुक्ड’. चौघांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवायचं, कुणी चिरायचं, कुणी शिजवायचं, कुणी भांडी घासायची. बोलल्याशिवाय एक थाळी बाहेर जात नाही. मोठ्या मुलांसाठी ‘राजी’. प्रत्येक वेळी मी स्वतः बसेन. गोळीबाराचा एकही गेम लागणार नाही.

डी-७०१:
माझ्या मुलाला ‘ओव्हरकुक्ड’मध्ये भांडी घासायला लावा 🙏 तो आला तर मीही येईन बघायला.

ए-१०३, काका:
माझ्या तीन अटी. वेळ चार ते सहा, मिनिटभर जास्त नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कॅरम लावलेला राहील. आणि दर रविवारी एक ज्येष्ठ सभासद तिथे हजर पाहिजे. पहिल्या रविवारी मी येतो.

ते शिक्क्यांचं कागदपत्र मोबाईलवर मिळतं का?

सी-३०१:
मिळतं काका, २०२२ मध्ये फोनवर आलंय. इंग्रजी आहे, पण तुम्हाला अडणार नाही. रात्री जेवण झालं की येतो, तुमच्या टॅबवर टाकून देतो.

ए-१०३, काका:
ये. चष्मा शोधून ठेवतो.

बी-२०४, सेक्रेटरी:
हरकत मागे घेतली असं धरतो. रविवार, चार ते सहा, जबाबदारी सी-५०३. क्लब रूमच्या टीव्हीची एचडीएमआय केबल गणपतीपासून सापडत नाहीये, कुणाकडे असेल तर वॉचमनकडे आणून द्या.

बी-४०२:
माझ्याकडे आहे. देतो.

बी-६०१:
ॲक्टिव्हा अजून तिथेच आहे.