निवडणुकीच्या तोंडावर ‘हेसेद’ पुरतं का?

नदीकाठची: 27 ऑक्टोबर 2018. मी तेव्हा अमेरिकेत पिट्सबर्गला, स्क्विरल हिल भागात राहत होते. शनिवारी सकाळी ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) प्रार्थनेला आलेल्या 11 जणांना गोळ्या घालून मारलं गेलं. मारेकऱ्याचा राग होता निर्वासितांना मदत करणाऱ्या हायस या ज्यू संस्थेवर. अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक दहा दिवसांवर, आणि टीव्हीवर सतत ‘परके घुसताहेत’.

त्या आठवड्यात शेजारच्या ज्यू आजींकडे गेले. त्या उकडलेली अंडी सोलत होत्या. दफनानंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी द्यायचं, त्यात अंडी असतात. (आपल्याकडे सुतकाच्या घरी पिठलं-भात जातो, तसंच.) खांद्याशी फोन धरून त्या कुणाला तरी विचारत होत्या, “मंगळवारी मतदानाला न्यायला येऊ का?” ज्यू लोक ज्याला हेसेद म्हणतात, ती माया मी तिथे पाहिली. आशाही तिथेच दिसली.

परखड: ताई, मला हे पटत नाही. अंडी सोलून द्वेष थांबत नाही. ‘न्याय, न्यायाचाच पाठपुरावा कर’ हेही तोरातच, ज्यूंच्या धर्मग्रंथातच, आहे. 30 तारखेला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प तिथे आले, तेव्हा कितीतरी स्थानिक ज्यू निषेधाला रस्त्यावर उतरले. मला आशा त्यांच्यात दिसते.

अलिबागकर: मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरातला. हेसेद आणि न्याय असे वेगळे काढू नका. त्याच सिनेगॉगच्या राबींनी (धर्मगुरूंनी) राष्ट्राध्यक्षांना दारातून परतवलं नाही. पण दोनच दिवस आधी, शोकसभेत, समोर बसलेल्या नेत्यांना त्यांनी सुनावलं होतं की सुरुवात तुमच्यापासून व्हायला हवी. हिल्लेल आणि शम्माय या प्राचीन ज्यू आचार्यांच्या वादांत निवाडा बहुधा हिल्लेलच्या बाजूने का लागला? त्याचे शिष्य नम्र होते, आधी विरोधकाचं म्हणणं मांडत आणि मग स्वतःचं.

परखड: शम्माय समोर असेल तर मीही ऐकेन. पण मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाचा वाद देवासाठी नव्हता, असंही तुमचेच ग्रंथ सांगतात. बंदूक घेऊन आलेल्याचं काय ऐकायचं?

रात्रपाळी: मी नर्स आहे. त्या मारेकऱ्यावर उपचार करणाऱ्यांत एक ज्यू नर्स होता. आपण ज्यू आहोत हे त्याने रुग्णाला कळू दिलं नाही. हे का केलं, याचं उत्तर त्याने नंतर लिहिलं: प्रेमापोटी. वाचून मी ड्यूटीवरच रडले. मला जमलं असतं का, देव जाणे.

नदीकाठची: परखड, राग मलाही होता. ‘काम पुरं करणं तुझ्यावर नाही, पण ते सोडायला तू मोकळाही नाहीस’ हे प्राचीन काळच्या राबी तार्फोनचं वचन मला आजींनीच सांगितलं. मतदानादिवशी त्यांनी गाडीच्या तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीतली बाई विरुद्ध पक्षाची निघाली. मी विचारलं, “मग?” तर म्हणाल्या, “मग काय, तिचे गुडघे दुखत होते. रांगेत तिची पर्स मी धरली.”

परखड: हे माझ्याच्याने झालं नसतं. आणि व्हायला हवं होतं, असं मला अजूनही वाटत नाही.